आईचे दात

वासंतीकाकूंनी "मेघना, अगं ए मेघना" अशी हाक मारली तेव्हा मेघनाने मान वर केली, आणि मग तिच्या लक्षात आलं की काकू तिच्याकडे बघतच नाहीयेत. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वाकून त्या खालच्या भाजीच्या गाडीकडे बघत होत्या. गाडीपाशी दक्षता उभी होती. हातात मेथीची जुडी, मान मागे टाकलेली, आणि भाजीवाला काहीतरी बोलला होता त्यावर ती हसत होती. तोंड मोकळं सोडून, वरचे सगळे दात दाखवत. मेघना तिच्यापासून चार हातांवर, सोसायटीच्या गेटात, ऑफिसची पर्स खांद्याला लावून उभी होती. दक्षताने वर बघितलं. "काकू, मी आहे मी!" "अगो बाई, दक्षता होय! मला आपली मेघनाच वाटली. हसलीस ना की अगदी डिट्टो शेवंती गं तू. डिट्टो!" मग काकूंची नजर गेटाकडे वळली. "आणि तू इथे आहेस होय. काय गं, बरं नाही का तुला? चेहरा असा का उतरलाय?"

"ऊन लागलं," मेघना म्हणाली. ऊन नव्हतं. संध्याकाळ झालेली होती आणि गेटावरचा दिवाही लागला होता. दक्षताने पुढे येऊन तिच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि ती जिना चढायला लागली. मागून चढताना मेघनाला तिच्या टाचा दिसत होत्या, नव्या सँडलमधल्या, आणि ती काहीतरी गुणगुणत होती तेही ऐकू येत होतं. डिट्टो. तो शब्द मेघनाच्या कानात माशीसारखा फिरत राहिला. शेवंती म्हणजे त्यांची आई. बाबा आधीच गेले होते, आईला जाऊनही पाच-सहा वर्षं झाली होती आणि या इमारतीत आई कशी हसायची हे ठाऊक असलेल्या वासंतीकाकू एकट्याच उरल्या होत्या. आजवर त्यांनी 'डिट्टो शेवंती' म्हटलं होतं ते मेघनाला. दर हळदीकुंकवाला म्हणायच्या. मेघना ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि घरी येऊन आरशासमोर उभी राहायची. आता तो शब्द काकूंनी उचलून शेजारी ठेवून दिला होता, इतक्या सहज, की आपण कुणाचं काही घेतलं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मेघनाला आईचं दातांखेरीज दुसरं काहीच मिळालेलं नव्हतं. रंग बाबांचा, बुटकेपणा बाबांचा, केस आत्याचे, विरळ. आईचा गोरा रंग, लांब मान, कमरेपर्यंतची वेणी हे सगळं सात वर्षांनी आलेल्या दक्षताला गेलं. कल्याणजवळ मोहन्याला ते रेयॉन कंपनीच्या वसाहतीत राहायचे तेव्हाची गोष्ट. बाबा कंपनीत पाळ्या करायचे. मेघनाचे दुधाचे दात पडून नवे आले तेव्हा आईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं होतं आणि "माझे आलेत गं" असं म्हणाली होती. तिच्या आवाजात जे काही होतं ते मेघनाने तेव्हा नीट साठवून ठेवलं. पुढे कुणी दक्षताच्या वेणीचं कौतुक केलं, पाहुण्यांनी तिला मांडीवर ओढून घेतलं, की मेघना हसायची. मुद्दाम. एकसारखे, मोगऱ्याच्या कळ्या ओवल्यासारखे दात, आणि त्यांच्यावर हिरडीची अगदी बारीक गुलाबी कड. लोक थांबून बघायचे. हा एक दागिना आपल्याकडे आहे हे तिला फार लवकर कळलं होतं, आणि धाकटीकडे तो असणार नाही हेही फार लवकर ठरून गेलं.

दक्षता दुसरीत असताना शाळेच्या मैदानात, मेघनाच्या डोळ्यांसमोर, प्रार्थना चालू असताना पडली. फिट. मग कल्याणचे डॉक्टर, डोक्याला तारा लावून काढलेला कागद, आणि गोळ्या. गोळीने गुण आला, यात शंका नाही; फिट वर्षातून एखाद-दुसरी यायला लागली. पण त्याच गोळीने हिरड्या वाढतात हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि आईबाबांना कळलं नसेल. आधी दातांच्या फटींतून मण्यांसारखे गुलाबी फुगवटे आले. मग ते एकमेकांना भिडले. कॉलेजात जाईपर्यंत दक्षताच्या हिरड्या जाड होऊन दातांवर अशा उतरल्या की फणसाच्या गऱ्यातून आठळी डोकवावी तसं दाताचं नुसतं टोक दिसायचं. ब्रश लावला की रक्त यायचं. तोंडाला वास यायचा. वेणी तीच, मान तीच, पण तिने तोंड उघडलं की समोरचा माणूस एक क्षण दचकायचा आणि मग खूप प्रेमाने बोलायला लागायचा. दक्षताने हसणं सोडलं. मग बाहेरच्यांशी बोलणं सोडलं. तिच्या दहावीनंतर ते डोंबिवलीला या घरात आले होते; कॉलेज संपल्यावर ती घरातच लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. करोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा ती चक्क आनंदात होती. पुढे सगळ्यांनी काढले, तिने नाही.

आणि हे सगळं बदललं ते मेघनामुळेच. हेच मेघनाला सहन होत नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्या माणसाचा राग तरी करता आला असता. मेघनाचं ऑफिस ठाण्याला, घोडबंदर रोडवर. तिथे एकदा दातांच्या तपासणीचं शिबिर झालं. डॉक्टर रसिका म्हणून एक तरुण मुलगी आलेली. मेघनाने सहज फोनवरचा दक्षताचा एक जुना फोटो तिला दाखवला. ती म्हणाली, "हे गोळीमुळे आहे. त्यांच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारा, गोळी बदलता येते का. ती बदलली की थोडं आपोआप उतरेल, उरलेलं आपण कापून आकार देऊ. त्यांचे दात आत आहेत हो. कुठे गेलेले नाहीत." मेघना त्या दिवशी घरी येताना अक्षरशः धावत जिना चढली होती. डॉक्टरांच्या फेऱ्या तिनेच मारल्या. नवी गोळी हळूहळू चढवत, जुनी उतरवत नेली तेव्हा रात्ररात्र दक्षताच्या खोलीत तिनेच गादी टाकली. कापण्याच्या दिवशी खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसली. हिरडीत सुया टोचून बधिर केलं, मग बारीक धूर निघाला आणि केस जळल्यासारखा वास आला. दक्षताने तिची बोटं इतकी घट्ट धरलेली की अंगठी रुतली. डॉक्टर कापलेले गुलाबी तुकडे ओल्या कापसावर ठेवत होती. ठाण्याच्या दवाखान्यातून परत येताना रिक्षा घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या आसपास अशी अडकली की ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. दक्षताच्या बधिर ओठावरून लाळ ओघळत होती, ती मेघना रुमालाने टिपत होती, बर्फाची पिशवी गालाला धरत होती. दोन्ही बाजूंनी उंच इमारती, मधे नुसते गाड्यांचे लाल दिवे, आणि त्या गर्दीत मेघना सुखात होती. खरोखरच्या, पोटभर सुखात. दक्षता इतकी तिची पुन्हा कधीच नव्हती.

हिरड्यांवर लावलेला गुलाबी लेप आठवड्याने काढला. डॉक्टरांनी दक्षताच्या हातात आरसा दिला. ती रडेल म्हणून मेघनाने पर्समधून रुमाल काढून ठेवलेला. दक्षता रडली नाही. बराच वेळ बघत राहिली, मग जिभेने दात चाचपले आणि म्हणाली, "हे कुणाचे?" मेघना वाकली. तिने आरशात ते दात बघितले. कुणाचे हे तिला लगेच कळलं होतं. तेच. तीच रांग, तीच बारीक गुलाबी कड. फक्त हे कोरे होते. इतकी वर्षं हिरडीच्या आत झाकून ठेवलेले. ना चहाचे डाग, ना वयाचा पिवळेपणा. "अय्या, तुम्हा दोघींचे दात सेम आहेत की!" डॉक्टर म्हणाली. आणि मग, आलाच आहात तर म्हणून, तिने मेघनाला खुर्चीत बसवलं. आरसा आत घालून बघताना तिचा आवाज बदलला. "तुम्ही फार जोरात घासता का हो? तुमच्या हिरड्या सरकल्यात. मुळं उघडी पडायला लागलीत. थंड लागत असेल. हा खालचा पुढचा थोडा हलतोयसुद्धा. टाळूची थोडी कातडी घेऊन इथे लावता येईल, पण फार थांबू नका." दक्षता बाहेर काउंटरवर होती. तिने ऐकलं नाही. मेघनाने तिला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. त्या रात्री तिने बाथरूममध्ये खालचा ओठ बोटाने खाली ओढला. दात लांब दिसत होते, म्हाताऱ्या बाईचे दिसतात तसे. तिने जीभ लावली. तो पुढचा दात खरंच किंचित हलला. एकीची हिरडी उतू गेली आणि दुसरीची आटली, असा एक विचार तिच्या मनात आला. तो तिला इतका ओंगळ वाटला की तिने नळ सोडून चूळ भरली.

पुढच्या काही महिन्यांत दक्षताने शिकवण्या बंद केल्या आणि फडके रोडवर चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. तिने विचारलं नाही, सांगितलं. "तिथे सारखे आरसे असतात ताई," ती म्हणाली, "लोक फ्रेम लावून बघतात ना, मग मी पण बघते." आणि हसली. घरात आता सारखं ते हसणं असायचं. जेवताना, फोनवर, कपडे वाळत घालताना. पस्तीस वर्षांच्या बाईचं हसणं, पण नवं, आवाज अजून घडी न मोडलेला. आणि त्या हसण्याच्या आगेमागे एक नाव यायला लागलं. प्रितम म्हणाला, असा पाऊस डोंबिवलीने कधी बघितला नाही. प्रितम म्हणाला, बायका चष्मा घेताना आधी नवऱ्याकडे बघतात. प्रितम दुकानाच्या मालकाचा भाचा, दुकान तोच सांभाळायचा. मेघना वरणाला फोडणी देत ऐकायची. "लग्न झालंय त्याचं?" तिने एकदा मोहरी तडतडायची वाट बघत विचारलं. "नाही," दक्षता म्हणाली, आणि ते 'नाही' म्हणताना तिने ओठ मिटले नाहीत. मेघनाला वाटलं, हा एवढा अर्धवट उघडा ओठ आपण तिला मिळवून दिला. आपल्या सुट्ट्या घालवून, आपल्या ओळखीने.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे दक्षता उठून, अभ्यंग करून, आईची अंजिरी साडी नेसून फडके रोडला गेली. तिथे त्या सकाळी सगळी डोंबिवली नटून लोटते, ढोल वाजतात, पोरंपोरी एकमेकांना बघायला येतात. पूर्वी दर वर्षी मेघना जायची. दक्षता गॅलरीत उभी राहून तिला हात करायची. या वर्षी मेघना गॅलरीत होती. दक्षताने कोपऱ्यावरून वळून हात केला आणि मेघनाने केला नाही; कठड्यावर वाळत घातलेला पंचा उगाचच झटकला. नंतर फराळाचं ताट मांडून ती बसून राहिली. करंजीचा तुकडा चावताना खालच्या दातातून कळ गेली. तिला दर्शन आठवला. कल्याणचा, बँकेतला. त्याच्या घरचे मेघनाला बघायला आलेले. पोह्यांच्या बश्या दिल्या, मेघना हसली, आणि दर्शनची आई आपल्या मुलाकडे बघून डोळ्यांनी हो म्हणाली हे तिने स्वतः बघितलं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत स्टूल पडल्याचा आवाज झाला. मेघना साडी सावरत धावली. दक्षता जमिनीवर थडथडत होती. तिला कुशीवर वळवून, डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली, आणि बाहेर आल्यावर पाहुण्यांच्या अर्ध्या भरलेल्या बश्या तेवढ्या होत्या. मग पुन्हा बघण्याचा कार्यक्रम केला नाही. बहिणीसाठी थांबली हो, असं नातेवाइकांत झालं. दर्शन तिला फारसा आवडलाही नव्हता, त्याच्या कपाळावर सारखा घाम होता. पण 'बहिणीसाठी थांबली' हे मात्र ती दर लग्नाकार्यात नेसून मिरवत आली होती, पैठणीसारखं. आता दक्षताचं लग्न ठरलं तर लोक काय म्हणतील? मेघना कशासाठी थांबली होती?

वासंतीकाकूंच्या त्या हाकेनंतर तीन-चार दिवस मेघनाला नीट झोप लागली नाही. गुरुवारी तिने ऑफिसातून अर्धी रजा घेतली. दुपारी दक्षता जेवायला घरी येते, तेव्हा दुकानात प्रितम एकटा असतो, हे तिला बोलण्याबोलण्यातून ठाऊक झालेलं होतं. डोंबिवलीला उतरून फडके रोडने चालत जाताना ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. तुम्ही चांगल्या घरचे दिसता, तुम्हाला अंधारात ठेवणं बरं नाही. हे फार झालं. मी मोठी बहीण आहे, माझं कर्तव्य आहे. हे बरं होतं. वाक्य जितकं सभ्य होत गेलं तितकी तिची चाल वाढत गेली. काळजीच आहे ही, तिने स्वतःला सांगितलं. काळजी नसती तर एवढ्या उन्हात आले असते का मी?

प्रितम तिने कल्पिला होता त्याहून अगदीच साधा निघाला. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. तो काच पुसत होता. मेघना आत आली तसा उभा राहिला. "तुम्ही दक्षताच्या ताई ना? बसा बसा. नाकावरून ओळखलं. त्या आत्ताच जेवायला गेल्या."

दक्षता मॅडम नाही म्हणाला. नुसतं दक्षता.

"माहीत आहे," मेघना म्हणाली. "मी तुमच्याकडेच आलेय. मी तिची मोठी बहीण आहे, त्यामुळे मला वाटलं की तुम्हाला काही गोष्टी ठाऊक असाव्यात. म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. दक्षताला लहानपणापासून..."

"फिटचं ना?" प्रितम म्हणाला. "हो, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आधी म्हणाल्या, हे ऐका, मग पगाराचं बोलू." तो हसला. "आणि आलेली ना इथे एकदा. गणपतीच्या आधी."

दुकानातल्या सगळ्या आरशांत मेघना बसलेली होती. तिने त्यांतल्या एकाकडेही बघितलं नाही.

"काय आलेली?"

"फिट. तुम्हाला नाही सांगितलं?" प्रितमने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. आता त्याला कळलं असावं की आपण काहीतरी बोलून बसलो. "घाबरण्यासारखं काही नव्हतं हो. त्यांनी सगळं शिकवून ठेवलेलं मला. कुशीवर केलं, चष्मा काढला, मानेखाली माझा शर्ट ठेवला, घड्याळ लावलं. दोन मिनिटंसुद्धा नाही. एक गिऱ्हाईक कांदा आणायला पळत होतं, त्याला खाली बसवलं. नंतर त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी थोडी वाढवून दिली. तेव्हापासून काही नाही."

मेघनाला त्या खोलीत, त्या फरशीवर पडलेली दक्षता दिसली; आणि तिच्या डोक्याशी आपण बसलेलो दिसलो नाही. इतक्या वर्षांत असं एकदाही झालेलं नव्हतं. मोहन्याला, डोंबिवलीला, भर लग्नात, दर वेळी ते डोकं तिच्या मांडीवर होतं. तोंडातला फेस तिने पुसला होता. आणि दक्षता भानावर यायची तेव्हा, डोळ्यांना अजून काही दिसत नसताना, तिच्या तोंडून पहिला शब्द यायचा तो 'ताई'. आईसुद्धा समोर असायची, पण शब्द 'ताई' असायचा. ते मेघनाचं होतं. दातांचं राहू दे, पण ते तरी.

"शुद्धीवर आल्यावर," तिने विचारलं, आणि आपला आवाज इतका हलका कसा झाला याचं तिला नवल वाटलं, "काही बोलली का ती?"

प्रितम जरा आठवत उभा राहिला. "हो. 'फ्रेम तुटली का' म्हणाल्या. पडताना हातात एक भारीतली फ्रेम होती ना."

"आणि मला सांगू नका म्हणाली."

"हो."

"का?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा ना ताई," प्रितम म्हणाला. अगदी सौम्यपणे म्हणाला, आणि त्या सौम्यपणाचाच मेघनाला जास्त राग आला. पाणी विचारलं त्याला नको म्हणून ती उठली.

घरी जायचं नव्हतं, तिथे दक्षता जेवत असणार. ती गणपतीच्या देवळापर्यंत गेली, परत फिरली, मग एका हॉटेलात शिरून तिने थंड ताक मागवलं आणि पहिल्या घोटाला दात असे ठणकले की डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलंच होतं, तर तिने ते येऊ दिलं. समोरचा वेटर बघून न बघितल्यासारखं करत टेबल पुसत होता.

संध्याकाळी दक्षता आली तेव्हा मेघना ओट्यापाशी मटार सोलत होती. दक्षताने सँडल काढल्या, हातपाय धुतले, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. हसत नव्हती.

"तू आज दुकानात आलेलीस."

"चष्मा बघायला गेलेले. जवळचं दिसत नाही हल्ली."

"ताई."

मेघनाने एक शेंग उकलली. आत दाणे किडलेले होते. तिने ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या फिटचं सांगायला."

"काळजीने?"

"नाही," मेघना म्हणाली. हे आपण म्हणू असं तिला वाटलं नव्हतं.

दक्षताने मान हलवली.  कुकरची शिटी झाली, तिने हात लांब करून गॅस बारीक केला. "मला वाटलंच होतं. त्याने सांगितलं तेव्हा इतका राग आला ना, की गिऱ्हाइकाला मी उलटा नंबर वाचून दाखवला." ती थांबली. "तुला माहितीये, मी अकरावीत असताना रोज देवाला काय सांगायचे? ताईचे दात पडू देत. रोज. दिवा लावताना. तू फडके रोडला जायचीस ना दिवाळीला, मी वरून हात करायचे आणि मनात म्हणायचे, आज पडू देत, सगळ्यांसमोर."

"मी तुझं सगळं करत होते तेव्हा," मेघना म्हणाली.

"म्हणून तर. तू माझं तोंड पुसायचीस आणि हसायचीस. 'झालं हं, झालं हं', असं. इतके सुंदर दात माझ्या इतके जवळ आणायचीस तू. चावावंसं वाटायचं तुला." दक्षताचा आवाज चढला होता. "गणपतीच्या आधी आली ना मला, डोळे उघडले आणि वर तू नव्हतीस. एक टकला माणूस होता घड्याळ बघत. मला इतकं बरं वाटलं ताई. तुला नाही कळणार. म्हणून नाही सांगितलं. तेवढी एक माझ्या एकटीची होती."

मेघनाला हे कळलं, आणि न कळतं तर बरं असं वाटलं. तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं आणि त्याच वेळी मानेवरचं काहीतरी उतरल्यासारखंही. इतकी वर्षं आपण हिच्याकडे वरून बघत होतो, दयेने. आणि खालून ही आपल्याकडे अशी बघत होती. म्हणजे या घरात हेवा होताच. तो आत्ता आला नव्हता. तो आईच्या वेळेपासून इथेच राहत होता, नुसता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला होता.

"ऐकलं देवाने," ती म्हणाली. "पडणारेत."

"काय?"

"दात. हिरड्या सरकल्यात माझ्या. रसिका डॉक्टरने तुझा लेप काढला त्याच दिवशी सांगितलेलं. हा खालचा हलतो." आणि मेघनाने मटाराच्या हिरव्या बोटांनीच खालचा ओठ ओढून दाखवला.

 दक्षताने फोनचा टॉर्च लावला, मेघनाची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि आत बघितलं. तिच्या हाताला साबणाचा वास येत होता. मेघनाला अवघड झालं. आईनंतर घरातल्या कुणी इतक्या जवळून तिचं तोंड बघितलं नव्हतं. दक्षता काय शोधतेय हे तिला दिसत नव्हतं. दया असेल तर ती हात झटकून टाकणार होती. पण दक्षता डोळे बारीक करून, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसते की नाही बघावं तसं, शांतपणे बघत होती.

"इतके महिने बोलली नाहीस."

"तुला आनंद झाला असता."

"झाला," दक्षता म्हणाली. "आत्ता झाला. थोडा." तिने टॉर्च बंद केला. "काय करतात याला?"

"टाळूची कातडी काढून लावतात म्हणे."

"माझं एवढं कापून फेकलं. आधी सांगितलं असतंस तर ठेवून घेतलं असतं तुझ्यासाठी."

मेघनाला हसायचं नव्हतं. पण ते पोटातून आलं, खोकल्यासारखं, आणि मग थांबेचना. दक्षताही हसत सुटली, ओट्यावर हात टेकून. त्या हसण्यातही मेघना बघत होती की दक्षताचे दात किती पांढरे दिसतात ट्यूबच्या उजेडात, आणि बघताना कळ येतच होती, दातात आणि दाताच्या खाली कुठेतरी. ती कळ थांबणार नव्हती बहुतेक. कुकरची दुसरी शिटी झाली.

"तो टकलाय हे तू सांगितलं नव्हतंस," मेघना डोळे पुसत म्हणाली.

"तू विचारलं नव्हतंस. तू फक्त लग्न झालंय का ते विचारलंस." दक्षताने सोललेले दाणे पाण्यात टाकले. "शनिवारी डॉक्टरांकडे जाऊ. मी सुट्टी टाकते."

"काही नको. माझी मी जाईन."

"भूल दिल्यावर रिक्षात लाळ गळते ताई. कोण पुसणार?"

मेघनाने सालांची ताटली उचलली, डब्यात रिकामी केली, ताटली धुतली, पालथी घातली. तेवढा वेळ तिला लागला.

"बरं, ये," ती म्हणाली. "पण आत नाही यायचं. बाहेर बसायचं."